ब्राउझरच्या लक्षात राहिलेलं

विड्याच्या वेलींची पानं कडेनं काळी पडायला लागली होती. त्यावर काही उपाय सापडतो का बघावं म्हणून मी लॅपटॉप उघडला. वरच्या पट्टीत नुसतं ‘वि’ टाइप केलं. ‘ड्या’ अजून यायचा होता, तेवढ्यात ब्राउझरनं आपणहून माझं वाक्य पुरं करून दिलं: ‘विसरणं कधीपासून आजार समजावा’. बाजूला घड्याळाचं एक बारीक चित्र होतं.

त्या घड्याळाचा अर्थ मला ठाऊक होता. लॅपटॉप मुलीनं दिलेला. पुण्यात नोकरीला आहे ती. स्वतःला नवा घेतला तेव्हा हा जुना दिवाळीत आमच्या हवाली केला आणि जाताना चार गोष्टी शिकवून गेली. घड्याळ दिसलं की समजायचं, हे पूर्वी कुणीतरी शोधलेलं आहे. आता चौलच्या आमच्या घरात माणसं दोन. मी शोधलेलं नाही, म्हणजे ह्यांनी शोधलंय.

मी भ्यालेच. वेलींचं राहिलंच.

भ्यायला कारण होतं. माझे थोरले दीर ह्याच आजारात गेले. शेवटी शेवटी ते आमच्याच वाडीत उभे राहून विचारायचे, ‘‘वाडी कोणाची हो ही? छान राखल्ये.’’ ह्यांनी तीन वर्षं भावाला आंघोळ घातली, भरवलं, रात्री दाराला आडणा घालून उंबऱ्याशी अंथरूण टाकलं. त्या तीन वर्षांत ह्यांच्या तोंडून कधी हूं की चूं नाही. पण दीर गेल्यावर एकदाच म्हणाले होते, ‘‘मला असं झालं तर मला कळू देऊ नकोस.’’ ते वाक्य माझ्या डोक्यात कायमचं बसलं होतं.

सरळ विचारलं का नाही, असं कुणी म्हणेल. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. हातात पुरावा असल्याशिवाय मी कुठल्याही पोराला उभं केलं नाही. पुरावा मिळाला की मात्र सोडलंही नाही. आणि खरं सांगायचं तर मला उत्तराची भीती वाटत होती.

मग मी आमच्या शाळेत गेले. तिथल्या कॉम्प्युटरच्या मॅडम माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, स्वभावानं गोड. त्यांना म्हटलं, ‘‘मला हा ब्राउझर नीट समजून घ्यायचाय. वरवर नको, आतून सांगा.’’

‘‘बाई, आता कशाला?’’ त्या हसल्या.

‘‘घरात वापरते ती वस्तू कशी चालते ते मला माहीत असायला हवं,’’ मी म्हटलं. हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

तोवर मी ब्राउझरलाच इंटरनेट समजत होते. मॅडमनी ती समजूत पहिल्या पाच मिनिटांत काढली. इंटरनेट म्हणजे जगभरच्या यंत्रांचं जाळं; ब्राउझर म्हणजे आपल्या यंत्रातला एक प्रोग्रॅम, आपल्या वतीनं त्या जाळ्यात निरोप धाडणारा. आपण पट्टीत पत्ता लिहायचा. तो आधी चौकशी करतो, ह्या नावाचं यंत्र कुठल्या नंबरवर राहतं. नंबर कळला की त्या यंत्राला सांगतो, अमुक पान द्या. तिकडून येतो तो नुसता मजकूर. मॅडमनी एका पानावर उजवं बटण दाबून तो मला दाखवला. टोकेरी कंसांची रांगच रांग: हा मथळा, हा परिच्छेद, इथे चित्र, ह्याचा रंग निळा. ब्राउझर ते वाचतो आणि त्याबरहुकूम पान रचून आपल्यापुढे मांडतो.

‘‘म्हणजे पान तिकडे नसतंच?’’ मी विचारलं. ‘‘दर वेळी इथे नव्यानं तयार होतं?’’

‘‘अगदी बरोबर. फक्त चित्रंबित्रं पुन्हा पुन्हा आणावी लागू नयेत म्हणून त्यांची एक प्रत तो स्वतःजवळ ठेवतो.’’

मला फार आवडलं ते. क्षणभर मी कशासाठी आले होते तेसुद्धा विसरले. मग मॅडम म्हणाल्या, ‘‘आणि गंमत सांगू का बाई? पलीकडच्या त्या यंत्राला तुमची काही आठवण नसते. दर खेपेला तुम्ही त्याला नवख्याच. आत्ताच भेटलात तरी नवख्या. म्हणून ते ब्राउझरजवळ एक चिठ्ठी देऊन ठेवतं, तिला कुकी म्हणायचं. पुढल्या वेळी ब्राउझर चिठ्ठी पुढे करतो, तेव्हा त्याला कळतं, अरे, ह्या तर मघाच्याच बाई.’’

‘‘आणि आपण काय काय शोधलं, त्याची नोंद?’’ मी शक्य तितक्या सहज विचारलं.

‘‘हिस्टरी. तारीख-वेळेसकट असते.’’ ती कुठे असते ते त्यांनी दाखवलं. मी वहीत उतरवून घेतलं आणि घरी आले.

त्या दिवसापासून मी रोज ती यादी वाचू लागले. ‘आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून’, तशातली गत. माझी मलाच लाज वाटायची. पण हे वाडीत गेले की हात आपोआप लॅपटॉपकडे जायचा. यादीत मधे मधे इंग्रजीतल्या कसल्या कसल्या नोंदी असत, बूट, हॉटेलं, कुठल्याशा ऑफिसचं काहीबाही. त्या मी जाहिराती समजून सोडून द्यायचे. माझा डोळा फक्त मराठी ओळींवर. ‘एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारणे’. ‘स्मृतिभ्रंश सुरुवातीची लक्षणे’. ‘विसरणाऱ्या माणसाला स्वतःला कळतं का’.

ही शेवटची ओळ वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. वेळ होती दुपारी दीडची. दीडला जेवून हे आतल्या खोलीत पडतात. म्हणजे झोपतो सांगून हा माणूस लॅपटॉप घेऊन बसतो आणि एकट्यानं हे असलं वाचतो, असा मी अर्थ लावला.

एकदा संशय घ्यायचा ठरवला की पुरावे काय, पायलीचे पन्नास. आमच्या वाडीत पाण्याची एक रीत आहे. विहिरीवरचा पंप सुरू केला की पाटानं पाणी जातं आणि एकेका झाडाचं आळं भरत पुढे सरकतं. मधेच वीज गेली, की पाणी जिथवर पोचलं त्या पोफळीला एक वाळकी झावळी टेकवून ठेवायची. दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासूनची खूण ही. एका सकाळी बघते तर झावळ्या दोन. एक तिसऱ्या रांगेत, एक पाचव्या. चौथी रांग कोरडी ठणठणीत आणि तिसरीतल्या आळ्यांत चिखल.

मी तिथूनच ओरडले, ‘‘अहो, दोन दोन खुणा कसल्या? पाणी काय एका वेळी दोन ठिकाणी थांबतं?’’

हे आले, दोन्ही झावळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पाचव्या रांगेतली झावळी उचलून कुंपणाशी नेऊन टाकली.

‘‘लक्ष कुठे असतं हल्ली तुमचं?’’ मी म्हटलं.

‘‘चुकलं,’’ ते म्हणाले. एवढंच.

मग आमचा पाडेली. माडापोफळींवर चढून नारळ-सुपारी उतरवून देणारा हा माणूस आठवीपर्यंत माझ्याच वर्गात होता. तो रस्त्यात भेटला आणि कुरकुरला, ‘‘बाई, सोमवारी येतो म्हनून सांगितला न्हाय का? त्याच दिवसात तुमच्या घरना तीनदा फोन आला. मी काय पळून चाललोय?’’ आमच्या दोघांत मिळून एकच फोन, बटणांचा, ओसरीवरच्या खुंटीला पिशवीत लटकणारा. मी घरी येऊन ह्यांच्यावर तोंड सोडलं. एकाच माणसाला एकच गोष्ट तीनदा विचारायची म्हणजे काय? हे उठून बाहेर गेले आणि बराच वेळ झाडांची सुकी पानं गोळा करत राहिले.

आणि मग चिठ्ठ्या. पंपाच्या पेटीवर ह्यांच्या ठसठशीत अक्षरात ‘बंद केला का?’ मागच्या दाराला ‘कडी’. स्वयंपाकघरात ओट्याच्या वरच्या फरशीवर ‘गॅस’. बिचारे स्वतःची सोय करून ठेवताहेत, असं माझ्या मनात आलं आणि मी एकही चिठ्ठी काढली नाही. उलट ‘गॅस’ची चिठ्ठी वाफेनं सुटली तेव्हा मीच ती पुन्हा चिकटवली.

शेवटी मला एकटीला सोसेना. हे विहिरीवर असताना मी पुण्याला फोन लावला. मुलीला म्हटलं, ‘‘तुझे बाबा विसरायला लागलेत गं. काकांसारखं.’’

मग ती म्हणाली, ‘‘आई, तुम्ही दोघंही एकदा डॉक्टरांकडे जाऊन या ना. दोघंही.’’

‘‘मला काय धाड भरल्ये?’’ मी म्हटलं.

‘‘तरी पण. माझ्यासाठी,’’ ती म्हणाली. तिचा आवाज चमत्कारिक येत होता. ती घाबरली असणार, असं समजून मीच तिला धीर दिला.

त्यानंतर आठवड्याभरानं हे थळला निघाले. नणंदेकडे सत्यनारायण होता, दोन दिवस राहणार होते. मला वाटत होतं जाऊ नये. वाट चुकले तर? एस्टीत भलत्या ठिकाणी उतरले तर? त्यांचा पाय निघत नव्हता तो निघत नव्हताच. मला चारचारदा म्हणाले, ‘‘तूही चल की.’’ वेलींना फवारणी करायची होती, मी नाही म्हटलं. जाताना फोनसुद्धा माझ्यासाठी ठेवून गेले. ‘‘राहू दे तुझ्याजवळ. ताईच्या फोनवरून मी करीन,’’ म्हणाले. आणि खरोखर दर तीन तासांनी फोन. जेवलीस का, कडी लावलीस का. मला वाटायचं, आधी कधी फोन केला ते विसरून पुन्हा करताहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं लॅपटॉप उघडला. तो मी आदल्या दिवशी ह्यांच्यासमोरच बंद करून फडताळावर ठेवला होता. यादीत कालच्या तारखेच्या तीन नव्या मराठी ओळी होत्या. दुपारी एक चाळीस. सव्वादोन. संध्याकाळी सहा.

माणूस थळला, फोन खुंटीला, लॅपटॉप फडताळावर. मग हे लिहिलं कुणी? मी तशीच चपला सरकवून, लॅपटॉप काखेत मारून शाळेत गेले.

मॅडमना आता सगळं सांगणं भाग होतं. सांगून टाकलं. त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला, वरच्या कोपऱ्यातल्या एका बारक्या गोल फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘‘बाई, हा फोटो कुणाचा?’’

‘‘आमच्या मुलीचा. लॅपटॉप तिचाच ना.’’

‘‘तिनं तिचं खातं ह्यातून काढलेलंच नाही. तेच खातं तिच्या फोनवर असणार. मग ती पुण्यात फोनवर जे शोधते, त्याची नोंद इथेही उमटते. एका खात्याची यादी एकच. यंत्रं कितीही असोत.’’ त्यांनी यादी वर-खाली केली. ‘‘हे बघा ना, बूट, हॉटेलं, ऑफिस. सगळं तिचंच आहे.’’

म्हणजे हे नव्हते! हे ठणठणीत होते. मला इतकं हलकं वाटलं की मी मॅडमचे दोन्ही हात धरून हसले. घरी येताना वाटेत मी मनात ह्यांची माफी मागत होते, रात्री त्यांच्या आवडीचं काय करावं ते ठरवत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! असं म्हणत मी वाडीच्या बेड्याशी, कुंपणातल्या फाटकाशी आले.

तिथे पाय थांबले. ती शोधत होती, हे खरं. पण कुणासाठी?

पाडेली पलीकडच्या वाडीत दोर गुंडाळत होता. मी कुंपणावरून हाक मारली. ‘‘काय रे, त्या दिवशी तीनदा फोन काकांनीच केला होता ना?’’

‘‘काका न्हाय वो,’’ तो म्हणाला. ‘‘तुमीच की, बाई.’’ मग माझ्या तोंडाकडे बघून त्यानं दोर खाली ठेवला. ‘‘असू द्या वो. व्हतो असा.’’

मला एक फोन आठवतो. आजही एकच आठवतो.

स्वयंपाकघरात गेले. ‘गॅस’ची चिठ्ठी ओट्यावर होती तशीच होती. ज्या माणसानं जन्मात कधी चहाचं आधण ठेवलं नाही, त्याला गॅसची आठवण कशाला हवी होती? इतके दिवस ही चिठ्ठी माझ्या नाकासमोर होती आणि माझी मीच ती पुन्हा चिकटवली होती. दुसरी झावळी ठेवल्याचं मला आठवत नव्हतं. पण ती ठेवायला वाडीत दुसरं होतं कोण?

मी लॅपटॉप उघडला. एरवी भाजीवाल्याशीसुद्धा इंग्रजीत बोलेल अशी माझी मुलगी. यादीतलं सगळं इंग्रजीत आणि एवढंच मराठीत. नवी ओळ नुकतीच उमटली होती: ‘आईला हे कसं सांगावं’.

मी मघापर्यंत ह्यांच्यासाठी भीत होते. ती भीती मला झेपत होती, कारण तिच्यात मी सांभाळणारी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे थळहून आले ते पिशवी ठेवून थेट विहिरीवर गेले. मी मागोमाग गेले. पंप चालू होता, मला ओरडूनच बोलावं लागलं.

‘‘झावळी मी ठेवली होती ना?’’

त्यांनी पंप बंद केला. पाण्याचा आवाज हळूहळू कमी झाला.

‘‘हो,’’ ते म्हणाले.

‘‘आणि फोन मी केले. गॅस मी चालू ठेवला.’’

‘‘दोनदाच राहिला.’’

‘‘मग बोलला का नाहीत? मी एवढी तोंड सोडून ओरडत होते, ऐकून काय घेत होता?’’

हे आळ्यातल्या पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘दादा शेवटी कोणावर रागवायचासुद्धा नाही. तू ओरडायचीस तेव्हा मला धीर यायचा. म्हटलं, ही अजून आहे सगळी.’’

मला रडू आलं आणि रागही आला. त्यांना म्हटलं, ‘‘डॉक्टरांकडे उद्याच जायचं. आणि आता पोरीला सांगायचं कसं?’’

‘‘तीच मला विचारत होती, तुला कसं सांगायचं,’’ ते म्हणाले. पुन्हा पंप सुरू करायला वळले, आणि तो सुरू न करताच माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

फोनवर माझ्याच्यानं बोलवलं नसतं. घरात आले, लॅपटॉप उघडला. मॅडमनी सांगितलं होतं, यादी एकच. मग इथे लिहिलं तर तिकडेही उमटणार. शोधायच्या पट्टीत मी सावकाश टाइप केलं: ‘आईला कळलं आहे. घाबरू नकोस. ये.’ बटण दाबलं. ब्राउझर बिचारा त्याच्या कामाला लागला; कुठल्या कुठल्या यंत्रांना विचारून, ह्या वाक्याशी जुळणारी पानं माझ्यापुढे मांडून मोकळा झाला. मी झाकण मिटलं आणि भाताला लागले.

जेवायच्या सुमाराला खुंटीवरचा फोन वाजला. मुलगी होती. तिला हुंदका आवरत नव्हता.

‘‘आई, फोनवर शोधायला गेले तर वरतीच तुझं वाक्य. कळलं गं मला. तिन्ही वेळा कळलं. निघालेय मी, संध्याकाळपर्यंत पोचते.’’

‘‘तिन्ही वेळा?’’ मी विचारलं.

ती घाईनं म्हणाली, ‘‘काही नाही. तू जेवून घे.’’

फोन ठेवून मी लॅपटॉप उघडला. यादीत सगळ्यात वर माझं वाक्य होतं. अकरा वाजून पाच मिनिटं. त्याच्या खाली माझं वाक्य होतं. दहा पन्नास. त्याच्या खाली, दहा बेचाळीस.

मी ते एकदाच लिहिलं होतं. हे पाट मांडत होते, त्यांनी हाक मारली, आणि मी जेवायला गेले.